आबांचे लाल कार्ड

लाल कार्ड अडकवले की आबा त्याची दोरी दोनदा ओढून पाहत. एकदा हलकेच, एकदा जोर लावून. मग एक पाऊल मागे सरून कार्डाकडे अशा नजरेने बघत, की जणू आपली पाठ वळताच ते दगा देणार आहे.

वीजकेंद्रात काम केलेल्यांना हे कार्ड ठाऊक आहे, इतरांसाठी सांगतो. यंत्रावर काम करण्यापूर्वी त्याची वीज बंद करायची आणि तिथे आपल्या नावाचे लाल कार्ड लावायचे. कार्ड लटकते आहे तोवर माणूस आत आहे. बाहेर आल्यावर ते त्यानेच काढायचे, दुसऱ्या कुणी नाही. आबा आपल्या अहिराणीत म्हणत, "ज्यानी लावं, त्यानीच काढानं."

दीपनगरजवळ आमची घरे एकाच गल्लीत. वयाने ते मोठे, हुद्द्याने मी.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा संशयी माणूस असेल. घराला कुलूप लावून थांब्यापर्यंत गेलेले आबा बस सोडून परत येत आणि कुलूप ओढून पाहत. भाजीवाली "वांगी ताजी आहेत" म्हणाली, की "असतील" म्हणून आधी देठ मोडून बघत. लग्नातल्या हाराचीही त्यांनी खात्री करून घेतली होती, असे वहिनींचे म्हणणे. "हार घाला मी, तो बी दोनदा वढी दखा यास्नी!" हे त्या आबांसमोरच सांगत, आणि आबा गंभीरपणे म्हणत, "मंग? टिकना ना?"

मला मात्र हा संशय झोंबत असे. एकदा सगळ्यांसमोर मी म्हणालो, "आबा, लाइन बंद आहे. मी स्वतः पाहिलंय." त्यांनी मान डोलावली आणि खिशातून टेस्टर काढला. मंडळी हसली.

"माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुम्हनावर भरोसा शे, भाऊ," ते म्हणाले, "तारवर नही."

वाक्य निर्मळ होते. मला ते तसे ऐकू आले नाही.

गेल्या वर्षी हिवाळ्यात आम्ही सहा जण यावलच्या पुढे सातपुड्यात तंबू टाकून राहिलो. आबा पिंपळनेरकडच्या डोंगरात वाढलेले. कडा दिसला की त्यांचे पाय स्वस्थ राहत नसत. हातापायांनी खडक धरत, प्रत्येक दगड हलवून बघत ते वर जात. त्या सकाळीही निघताना त्यांनी रोजच्यासारखे तंबूच्या दोरीला आपले लाल कार्ड अडकवले आणि दोनदा ओढले.

"दीड तासमा येस मी."

बाकीचे चौघे झोपलेले होते. आबा झाडीआड गेले आणि मी ते कार्ड काढून खिशात टाकले. परतल्यावर ते शोधतील, सगळ्यांवर संशय घेतील, आणि या खेपेला हसणारे माझ्या बाजूला असतील, एवढेच डोक्यात होते. मग मी खालच्या ओढ्यावर आंघोळीला गेलो आणि तिथेच रेंगाळलो.

इकडे चौघे उठले. दोरीवर कार्ड नव्हते. म्हणजे आबा उतरले आणि माझ्याबरोबर ओढ्यावर गेले, असे त्यांनी धरले. मी एकटा परत आलो तेव्हा ऊन चांगलेच चढले होते.

"आबा कुठे राहिले?" त्यांनी मला विचारले.

कड्याखालच्या घळीत ते सापडले. धरलेला दगड त्यांच्याबरोबर खाली आला होता. अंगात अजून ऊब होती. पडल्यानंतर बराच वेळ जीव असावा, असे पुढे डॉक्टर म्हणाले.

जबाब घेताना हवालदाराने कार्डाविषयी विचारले. मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं." कार्ड तेव्हाही माझ्याच खिशात होते.

त्यानंतर गल्लीत कुजबुज सुरू झाली. ज्या माणसाच्या हातून कार्डाची चूक कधी झाली नाही, त्याचे कार्ड दोरीवर नव्हते. अर्थात तो सुखरूप खाली आला होता. मग पुन्हा वर कशाला गेला? कुणी म्हणे, घरात काही बिनसले असेल. कुणी म्हणे, जीवच नकोसा झाला असेल. कुणी आम्हा पाच जणांना बघून बोलणे थांबवी. वहिनींनी दारात उभे राहणे सोडले.

एकदा त्यांनीच मला हाक मारली. "भाऊ, त्या खाले उतरनात ना? मंग परत वर कसाले गयात? मन्हं काही चुकनं का?"

"नाही हो, वहिनी," मी म्हणालो आणि घरी निघून आलो. असे पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत मी त्यांच्या घरावरून जाताना पलीकडच्या कडेने चालत असे.

अखेर कार्ड त्यांच्यापुढे ठेवले आणि सगळे सांगितले.

"म्हंजे त्या उतरनातच नहीत?"

"नाही."

"परत गयात नहीत?"

"नाही, वहिनी. कार्ड मी काढलं. थट्टा म्हणून."

बराच वेळ त्या कार्डावरचे नाव बोटाने पुशीत राहिल्या. मग त्यांनी मान वर केली. "थट्टाच व्हती, भाऊ?"

मी हो म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बघितले, आबा तारेकडे बघत तसे. ते "हो" मी आजही रोज तपासून पाहतो, आणि दर वेळी ते मला थोडे सैल लागते.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन मी जबाब बदलला. गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितले. काहींनी पाणी दिले, काहींनी आत या म्हटले नाही.

वहिनींनी ते कार्ड दाराजवळच्या खिळ्याला अडकवले आहे. अडकवताना त्यांनी दोरी दोनदा ओढली, हे मी उंबऱ्याबाहेरून पाहिले. दिवाळीआधी त्यांच्या घराला रंग दिला, तेव्हा रंगाऱ्याने कार्ड उतरवण्यासाठी हात पुढे केला. वहिनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे." भिंत आता फिकट निळी आहे. कार्डामागचा तेवढा तुकडा जुन्या पिवळ्या रंगाचा राहिला आहे.