पूर वगळून

ठाण्याच्या एका विमा कंपनीत मी तीस वर्षं दावे तपासले. म्हणजे लोकांचं नुकसान झालं की ते मुळात झालंच नाही, असं त्यांना नम्र भाषेत कळवायचं. त्या कामात मी फार हुशार होते. केसांत अबोलीचा गजरा, डोळ्यांवर सोनेरी काड्यांचा चष्मा आणि तोंडी कायम एकच वाक्य, "खरं सांगा, कंपनी तुमच्या पाठीशी आहे." एका कापडवाल्याच्या दुकानात पाणी शिरलं. त्यानं अर्जात आधीच्या वर्षीचं पाणी लपवलं होतं. दावा फेटाळताना मी त्याला प्रामाणिकपणावर पाऊण तास ऐकवलं. बिचारा समोरचा चहा न पिताच उठून गेला. ती गजरेवाली आज मला समोरून येताना दिसली, तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जाईन.

निवृत्त झाल्यावर मी मोहने गावी मुलाकडे राहायला आले. तळमजल्याचं घर, पुढच्या खोलीत सुनेचं मसाला कांडायचं मशीन. चैत्र-वैशाखात गल्लीतल्या बायका वर्षाची मिरची घेऊन येतात. आगरी बायकांचा मसाला लालभडक, आम्हा घाटावरच्यांचा काळा. दोन महिने सगळी गल्ली शिंकत असते. नदी मागच्या बाजूला, पाच मिनिटांवर. पूर्वी तिचं पाणी लांबच्या नातेवाइकासारखं यायचं, क्वचित, आणि उंबऱ्यावरूनच परत फिरायचं. हल्ली जावयासारखं येतं. दरवर्षी, न कळवता, आणि थेट स्वयंपाकघरात.

गेल्या दिवाळीनंतर मशीननं मान टाकली. सुनेनं नव्या मशीनसाठी कर्ज मागितलं, तर बँक म्हणाली, मशीनचा पुरासकट विमा आणा, मग बघू. मुलाची नोकरी आज आहे, उद्या नाही. घर चालतं ते वैशाखातल्या कांडपावर. त्यामुळे विमा नाही तर मशीन नाही आणि मशीन नाही तर चूल नाही, असा साधा हिशोब होता.

कंपनीकडून पाहणीला बाई येणार होती. सुनेनं आदल्या दिवशीच बजावलं, "आई, तुम्ही फक्त चहा करायचा. बोलायचं नाही."

"अगं, मी तीस वर्षं याच धंद्यात काढली."

"म्हणूनच."

आता आमच्या गल्लीची रीत सांगायला हवी. दाराशेजारच्या भिंतीवर नातवाची उंची मांडायची, तशीच आम्ही पुराचीही मांडतो. दरवर्षी पेन्सिलीनं एक रेघ, बाजूला साल. घराघरांत अशा रेघा आहेत आणि कुणाकडे जास्त पाणी आलं यावरून बायकांची भांडणं होतात. जिची रेघ वर, तिचा मान मोठा. आमच्याकडे तर पाणी नातवाच्या पुढे निघून गेलंय. सुनेनं त्या रेघांवर वाण्याचं कॅलेंडर टांगलं होतं.

पाहणीवाल्या बाईनं विचारलं, "इथे पाणी येतं का?"

"येतं थोडंफार," सून म्हणाली.

तेवढ्यात शेजारीण दारात टपकली. "थोडंफार कसलं, मॅडम! आमच्याकडे कमरेपर्यंत होतं!"

मी चहा गाळत होते. गप्प राहणार होते. पण कमरेचा एवढा तोरा? "तुमच्याकडे कंबर असेल," मी म्हणाले, "आमच्याकडे छातीपर्यंत!" आणि कॅलेंडर उचलून दाखवलंसुद्धा. बाईनं भिंतीचे चार फोटो काढले आणि म्हणाली, "थँक्यू हं आजी, खरं सांगितल्याबद्दल."

सुनेनं माझ्याकडे अशी नजर टाकली की हातातला चहा गार झाला.

आठवड्यानं कागद आला. आग, चोरी, वीज, दंगल, भूकंप, सगळ्याचा विमा मंजूर. खाली बारीक अक्षरात, पूर वगळून. घरात साप निघतो आणि विमा वाघाचा! मी बाईला फोन लावला, जुन्या साहेबी आवाजात. ती गोड बोलली. म्हणाली, रेघा नसत्या तरी हेच झालं असतं. आमची कंपनीसुद्धा स्वतःचा विमा परदेशातल्या मोठ्या कंपन्यांकडे उतरवते. तिकडे वणवे, वादळं, पूर वाढलेत, म्हणून त्या आता हात आखडता घेतायत.

"म्हणजे तिकडे जंगलं जळतात म्हणून मोहन्यात मिरची कांडायची नाही?"

"आजी, तुमची गल्ली पुराच्या नकाशावर लाल झालीय."

"मसाल्यानं झाली असेल."

ती हसली. नकाशा काही बदलला नाही.

पुढच्याच महिन्यात शेजारणीच्या घराला आलेलं गिऱ्हाईक पळालं. त्याच्या बँकेनंही हाच नकाशा उघडला होता. पावसाला अजून अवकाश होता, पण पैसा आधीच गल्ली सोडून निघाला होता. आमच्या वेळी मी हे काम पूर ओसरल्यावर करायचे. आता पूर यायच्या आधीच उरकतात.

कागद आल्यावर सुनेनं दोन दिवस मला चहाच्या भांड्याला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी छत्री घेऊन उन्हात वरच्या चढावर गेली आणि एक गाळा भाड्यानं ठरवून आली. तिथला नकाशा हिरवा. विमा पुरासकट झाला, कर्ज झालं, मशीन आलं. भाड्यापायी कांडपाचा दर वाढवावा लागला. बायका मिरचीची पिशवी घेऊन चढ चढतात आणि वर पोचेपर्यंत मला शिव्या घालतात. मी वर चहा तयार ठेवते.

यंदा पाणी श्रावणातच आलं, भर दुपारी. आम्ही घराला कुलूप लावून नातवाला आणि गॅसची शेगडी घेऊन गाळ्यात गेलो. अर्ध्या तासात अर्धी गल्ली तिथे जमली. भिजलेल्या बायका, पोरं, एक बकरी. दमून मी मशीनला पाठ टेकली.

"आई, सरका तिथून," सून ओरडली. "ओल्या साडीनं मोटर बिघडेल."

"आणि मला थंडी वाजली तर?"

"तुम्ही वाळाल. मशीनचा हप्ता चालू आहे."

मी सरकले. खालून पाण्याचा आवाज येत होता आणि गाळ्यात कोरडी जागा तेवढी मशीनलाच होती.