खोडलेल्या दोन मोऱ्या

त्या वर्षी मी ठाण्याच्या बांधकाम कचेरीत नवा कारकून होतो आणि माझ्याइतका हुशार कारकून अख्ख्या कोकणपट्टीत नाही, अशी माझी खात्री होती. त्रैराशिक तोंडपाठ होतं, अक्षर मोत्यासारखं होतं आणि पायाला चिखल कसा तो लागलेला नव्हता.

कल्याणहून शिळेकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम तेव्हा चाललं होतं. वाटेत खाडीचा एक फाटा आडवा येई. तिथे मातीचा भराव घालायचा आणि पाणी जायला त्यात तीन दगडी मोऱ्या बांधायच्या, असं कंत्राट दिलेलं होतं. कंत्राटदार तिथल्याच गावचा आगरी, पन्नाशीचा, मिठागरांचे बांध घालण्यात उभा जन्म गेलेला. लिहिता-वाचता येत नसे. टेंडर त्याने जावयाकडून लिहून घेतलं होतं. तिन्ही मोऱ्यांच्या दगडकामाला त्यात एकच दर होता.

भराव निम्मा झाल्यावर आमचा गोरा इंजिनियर साहेब घोड्यावरून पाहणीला गेला. कडेच्या दोन मोऱ्या खोडा आणि मधली, खोल जागेतली, मोठी करा, असा त्याने हुकूम केला. हुकूम शहाणपणाचा होता, कारण पाण्याचा सारा ओघ मधूनच होता. कमी झालेल्या कामाची किंमत वजा करायची, वाढलेल्या कामाची मिळवायची आणि कंत्राटाची नवी रक्कम काढायची, हे काम माझ्याकडे आलं. मी ते दुपारच्या सुट्टीआधी उरकलं. दोन मोऱ्या टेंडरच्या दराने वजा, वाढीव दगडकाम त्याच दराने जमा. सरकारचे चांगले पैसे वाचले. हेडक्लार्कने पाठ थोपटली आणि मी दोन दिवस कचेरीत नाक वर करून हिंडलो.

तिसऱ्या दिवशी कंत्राटदार येऊन ओट्यावर बसला. या रकमेत मोरी होणार नाही, कंत्राट परत घ्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मी त्या बापाच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे करत नियम ऐकवला. दर तूच दिलास, आम्ही तोच धरला, आता कुरकुर कसली?

“रावसाब, एकदा जागेवर या,” तो म्हणाला. “अष्टमीला या.”

मला जायचं नव्हतं. पण पावसाळ्याच्या तोंडावर दुसरा कंत्राटदार कुठून आणायचा, म्हणून हेडक्लार्कनेच मला त्याची समजूत काढायला पिटाळलं. आगगाडीने कल्याणला उतरलो आणि पुढे बैलगाडीत आदळआपट सोसत खाडीवर पोचलो.

समजूत निघाली ती माझीच. आधी त्याने मला कडेच्या दोन जागा दाखवल्या. तिथे जमीन उंच होती. माझे जोडेसुद्धा खराब झाले नाहीत. मग मधल्या जागेवर नेलं. गुडघाभर चिखलात पाणी अडवायला मातीचं कडं घातलं होतं आणि आत वीस-पंचवीस गडी पाया खणत होते. तो सांगत गेला आणि मी ऐकत गेलो. ते कडं फक्त भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती कमी असते तेव्हा टिकतं. अष्टमी ते एकादशी, पंधरवड्यातले चार दिवस. पुनवेला आणि अवसेला उधाण आलं की पाणी कड्यावरून आत येतं, खणलेलं गाळाने भरतं आणि पुढच्या अष्टमीला पहिल्यापासून उपसा करावा लागतो. गड्यांना मात्र मधल्या दिवसांतही खायला घालावं लागतं, नाहीतर ते दुसरीकडे जातात.

“दगड तोच हाय, रावसाब,” तो म्हणाला. “पन त्या दोन मोऱ्या मी कोरड्यान उभं राहून बांधल्या असत्या. या जागेला पंधरवड्यान चार दिस. तीन मोऱ्यांचा मिलून येक दर धरलेला, दोन सवंग नि येक म्हाग. तुमी सवंग त्या काढल्यान, म्हाग ती ठेवली.”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि कान गरम झाले. त्याचा दर ही सरासरी होती. स्वस्त काम मी महाग धरून वजा केलं होतं आणि महाग काम स्वस्त धरून मिळवलं होतं. सरकारचे म्हणून जे वाचवले, ते या माणसाच्या खिशातून काढले होते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि नुकसान एवढ्यावर थांबणारं नव्हतं. भरावासाठी गावाचा जुना बांध कापलेला होता. मोरी बांधून तिला भरतीला मिटणारं लाकडी दार मृगाआधी बसलं नाही, तर खारं पाणी थेट भातशेतीत शिरणार होतं. एकदा खार लागली की तीन वर्षं तिथे भात नाही. त्याचंही शेत त्यातच होतं. काम सोडलं तर शेत जाणार, धरलं तर पैसे संपून गडी मध्येच पळणार. निदान दुसरा कोणी वेळेत मिळावा, म्हणून तो आपणहून सोडायला आला होता. हे ऐकल्यावर माझ्या तोंडून “तुम्ही” निघालं, आणि पुढे कधी “तू” झालं नाही.

परत येऊन मी हेडक्लार्कला चूक सांगितली. तो भडकला. साहेबापुढे गेलेला कागद मागे घेणं म्हणजे कचेरीचं नाक कापणं, असं त्याचं मत पडलं. मी हट्टाने नवा तक्ता मांडला. खोडलेल्या मोऱ्या बांधायला आज जे लागलं असतं तेवढंच वजा केलं आणि मोठ्या मोरीला जे लागेल ते धरलं. दुधाने तोंड पोळल्यामुळे ताकही फुंकत होतो, म्हणून सगळी मोरी चिखलातली धरून टाकली.

साहेबाने कंत्राटदाराला बोलावलं. पहिला तक्ता कोणाचा, असं विचारल्यावर मी माझा म्हणून सांगितलं. मग दुसरा वाचून मराठीत समजावला. आता नोकरी जाते की राहते, एवढंच माझ्या मनात होतं. तेवढ्यात कंत्राटदार मान हलवू लागला.

हे जास्त आहे, असं तो म्हणत होता. मोरीचे वरचे थर उधाणाच्या पाण्यावर येतात, ते कोरड्यात होणार, त्यांना चिखलाचा दर कशाला? त्याने बोटं मोजत हिशेब सांगितला. सव्वाशे रुपये उतरले. हेडक्लार्क माझ्याकडे बघेना. साहेबाने मला विचारायला सांगितलं, हा गप्प का बसला नाही?

“आज गप बसलो, नि उद्या परत कायतरी खोडलंत,” तो म्हणाला, “तवा माज्या बोलन्यावर कोन इस्वास ठेवल?”

मी ते इंग्रजीत सांगितलं. साहेबाने त्याच जागी सही केली, आणि यापुढे जागा पाहिल्याशिवाय कोणी वाढघटीचा दर काढायचा नाही, असं समासात लिहिलं. माझी नोकरी राहिली. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की घरी जाताना मी पेढे घेतले आणि निमित्त काय, ते कोणालाच धड सांगता आलं नाही.

वैशाखातल्या अवसेला रजा काढून मी खाडीवर गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं. मोरीचं दार मिटलेलं होतं आणि बाहेर उधाणाचं पाणी छातीएवढं चढलं होतं. आतल्या बाजूला, कोरड्या जमिनीत, त्याची सून भाजून ठेवलेल्या राबात रोपांसाठी भात पेरत होती.