ठाण्यासमोरचे पंच

हजेरीचा कागद चाचांपर्यंत पोचला की तिथेच मुक्काम ठोकायचा. बाकीची पोरंपोरी न बघता सही ओढून कागद पुढे सरकवत. चाचा चष्मा चढवत, कागदाची घडी हाताने सपाट करत आणि अगदी वरच्या कॉलेजच्या नावापासून वाचायला सुरुवात करत. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडे, “चाचा, हजेरीच हाय, करा की!” मान वर न करता चाचा म्हणत, “सही पळून जात न्हाई. आदी वाचू द्या.”

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. बँकेत तो फॉर्मवरची बारीक अक्षरं वाचत उभा राहतो आणि मागची रांग दातओठ खाते. मीही खाल्ले. वकील असून खाल्ले, हे विशेष.

फौजदारी कायदे नुकतेच बदलले होते, तेव्हाची गोष्ट. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात ‘कम्युनिटी कॉलेज’ अशी पाटी लागली आणि फौजदारी न्यायाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम निघाला. वर्ग दर रविवारी सकाळी. रविवार मोडून बीडहून यायला कुणी तयार होईना. मी इथल्याच कोर्टात वकिली करते, त्यामुळे शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

वर्गात बहुतेक पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं. पहाटे मैदानावर धावून येत आणि दुसऱ्या तासाला पेंगत. त्यांच्यापुढे पहिल्या बाकावर साठीकडे झुकलेले, दहावी उर्दूतून झालेले, मराठी ओळीखाली बोट ठेवून वाचणारे चाचा. पोलीस ठाण्याच्या कंपाउंडला टेकून त्यांचा फळांचा गाडा होता. पाटोद्याकडची सीताफळं आली की ते एकेक फळ तळहातावर घेत. “हे आज खावा, हे उद्या सांच्याला,” असं सांगत, आणि दुसरं फळ खरोखर दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच पिके.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, “चाचा, या वयात हे कशाला?”

“मॅडम, बावीस वर्सं झाली मी पंच हाय. पंच म्हंजी काय ते एकदा बघावं म्हनलं.”

वर्ग खदखदून हसला. चाचाही हसले.

कोर्टाची पायरी न चढलेल्या भाग्यवंतांसाठी सांगते. पोलिसांनी कुठे काही जप्त केलं की त्याचा पंचनामा लिहितात आणि हे आमच्यासमोर घडलं म्हणून दोन तिऱ्हाइतांच्या सह्या घेतात. हे दोघे पंच. कायद्याच्या मते पंच घटनेच्या जागी असतो. आमच्याकडे तो हाकेच्या अंतरावर असतो. “चाचा, या जरा,” अशी ठाण्यातून हाक आली की चाचा तराजू खाली ठेवून जात, दाखवलेल्या जागी सही करत आणि परत येऊन गिऱ्हाइकाचं राहिलेलं माप पुरं करत. कधीकधी तर कागदच गाड्यावर येई. यात आपण काही वाईट करतोय असं त्यांना कधी वाटलं नाही. शेजारधर्म म्हणून करत राहिले.

एकदा मी सगळ्यांना वर्गाच्या खोलीचाच पंचनामा लिहायला लावला. भरतीच्या पोरांनी तीन ओळींत काम उरकलं. चाचांनी अडीच पानं लिहिली. पंख्याचं एक पातं वाकलेलं, खिडकीत पारव्याचं घरटं, त्यात दोन अंडी, फळ्याचा डावा कोपरा फुटका. शेवटी लिहिलं होतं, ‘शिकवणाऱ्या मॅडम समक्ष अठरा मिनिटे उशिरा आल्या.’ मी ते मोठ्याने वाचलं आणि स्वतःच हसत सुटले. त्यानंतर मात्र वेळेवर जाऊ लागले.

पंचनाम्याच्या छापील भाषेवर त्यांचा राग होता. “हे बगा, ‘आम्ही पंच स्वखुशीने हजर राहिलो.’ कशाची खुशी? हवालदारानं हाक मारली की पळत गेलतो मी!”

मग एका रविवारी फितूर साक्षीदार हा विषय निघाला. पंचानं कोर्टात पोलिसांच्या कागदाविरुद्ध साक्ष दिली, तर सरकारी वकील त्याला फितूर ठरवून मागतात आणि त्याचीच उलटतपासणी घेतात, असं मी सांगितलं. चाचांचं लिहिणं थांबलं.

“म्हंजी खोट्यावर सही केली तवर पंच, आन खरं बोललं की फितूर?”

“तसंच काही नाही, चाचा...”

“मंग कसं?”

वर्ग सुटला, पोरं पांगली, चाचा बसूनच राहिले. मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. एका गवंड्यावर विहिरीवरची पाण्याची मोटार चोरल्याचा खटला चालू होता. मोटार त्याच्या घरी चाचांसमोर जप्त केली, असं पंचनाम्यात होतं. दुसरा पंच गाव सोडून गेला होता. चाचांनी त्या कागदावर गाड्यावरच, मोसंबी तोलता तोलता सही केली होती. गवंड्याचं घर कुठल्या दिशेला आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. दोन वर्षं तो माणूस काम बुडवून तारखा करत होता आणि आता चाचांच्या साक्षीचं समन्स निघालं होतं.

“कवातरी बोलावनं येनार म्हनूनच आलतो वर्गाला,” ते म्हणाले. “खरं बोललं तर मला काय करत्यात?”

मी वकिली सल्ला दिला. “सही माझीच आहे, बाकी आठवत नाही, एवढंच सांगा. तुमचा गाडा ठाण्याला टेकून आहे, चाचा. उद्या हलवायला लावला तर?”

“आठवतंय की मला,” चाचा म्हणाले आणि वही पिशवीत घालून निघून गेले. मला माझीच लाज वाटली. वर्गात मी साक्षीचं महत्त्व शिकवत होते आणि वर्ग सुटल्यावर तिला बगल कशी द्यायची ते.

साक्षीच्या दिवशी माझं काम नसताना मी मागच्या बाकावर जाऊन बसले. चाचा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. सरकारी वकिलांनी विचारलं, “सही तुमचीच?”

“माझीच.”

“म्हणजे मोटार तुमच्यासमोर जप्त झाली.”

“न्हाई. मी गाड्यावर होतो. कागद गाड्यावर आलता.”

पंचनामा लिहिणारा जमादार मागे उभा होता, त्याचा चेहरा उतरला. न्यायाधीशांनी मान वर केली. “न वाचता सही केली?”

“न वाचता केली, साहेब. ती चूक माझी. त्याची सजा मला द्या, याला नगा.”

सरकारी वकिलांनी त्यांना फितूर ठरवून घेतलं आणि अर्धा तास फाडून खाल्लं. आरोपीकडून काय घेतलं, इथपर्यंत विचारून झालं. चाचा घामाघूम झाले, पण उत्तर बदललं नाही. महिन्याभरात गवंडी सुटला. त्याआधीच, चारच दिवसांत, चाचांचा गाडा ठाण्यासमोरून उठला होता.

मी हळहळत स्टँडजवळच्या नव्या जागी गेले, तर स्वारी मजेत. “लई बेस जागा हाय. बशीतनं उतरलं की गिऱ्हाईक. आन मधनं उठून सह्या कराया जावं लागत न्हाई!” कोर्सच्या परीक्षेत ते दुसरे आले. पहिली आलेली मुलगी म्हणाली की पंचनाम्याचा प्रश्न तिने चाचांकडूनच शिकून घेतला होता.

चाचा आता आमच्या गावात नाहीत. मुलाने गेवराईला दुकान घातलं, त्याच्याकडे राहतात. सीताफळं घेताना मला अजून कुठलं आज आणि कुठलं उद्या ते कळत नाही, आणि तेव्हा त्यांची फार आठवण येते. पण डोळ्यांसमोर राहिलेत ते खटला संपल्यानंतरच्या एका सकाळचे चाचा. आदल्या दिवशी गवंड्याने त्यांना घरी जेवायला नेलं होतं.

“जेवन लई चांगलं केलतं,” ते सांगत होते. “पन मॅडम, कागदात लिवलंय, मोटार घराच्या मागं कडब्याच्या गंजीत घावली.”

“हो, मी वाचलंय.”

“त्याच्या घराला मागं न्हाईच. भिंतीला दुसऱ्याची भिंत चिटकून हाय. तो पयल्यापासून सांगत हुता म्हनं. पन आरोपीचं कोन ऐकतं?”

तो कागद पोलिसांनी, दोन्हीकडच्या वकिलांनी, कोर्टाने आणि कुतूहलापोटी मीही वाचला होता. घर बघायला आमच्यातलं कुणीच गेलं नव्हतं.

“दोन भितींच्या मधी हात तरी जातोय का, म्हनून घालून बगितला,” चाचा म्हणाले आणि उजवा पंजा त्यांनी माझ्यापुढे धरला. चारही बोटांची सालं निघाली होती.