पाय वर घेऊन वाचायची पुस्तकं

आत्या पुस्तकाशी भांडायची. मनातल्या मनात नव्हे, चांगली मोठ्यानं. आम्ही जेवायला बसलेलो असायचो आणि आतल्या खोलीतून आवाज यायचा, "अगं बये, नको बसूस त्याच्या गाडीत! लबाड आहे मेला!" आई तोंडाला पदर लावून हसायची. पप्पा मान खाली घालून भात कालवत राहायचे.

ती पप्पांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, त्यामुळे कल्याणच्या चाळीत आमच्याकडेच राहायची. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायची. दिवसभर तिथल्या लोकांवर डाफरून घरी आली की चहा आणि कादंबरी. मुखपृष्ठावर केस उडणारी बाई, मागे मोटार नाहीतर घोडा आणि सूर्यास्त हमखास. पुस्तक कुणापासून लपवणं तिला माहीत नव्हतं. रिक्षाच्या रांगेतसुद्धा ती बाई आणि तो घोडा जगाला दिसतील असंच धरायची. माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणी नाकं मुरडायच्या, तर म्हणायची, "मुरडा गं, मुरडा. तोवर माझं एक प्रकरण संपतं."

पप्पांची भिंतभर पुस्तकं होती, जाडजूड, इतिहासाची, समाजाची. पप्पा चळवळीतले, भाषणं करणारे. आत्यानं ती पुस्तकंही वाचली होती बरं का, चांगली समजून. मी एकदा विचारलं, यातलं तुला जास्त काय आवडतं? ती म्हणाली, "दादाची पुस्तकं वाचताना मी ताठ बसते. ही वाचताना पाय वर घेते. माणसाला दोन्ही लागतं की नाही?"

मग आम्ही घोडबंदर रोडला फ्लॅट घेतला. नव्या घरात बुद्धवंदना ठेवली आणि पप्पांचे झाडून सगळे सहकारी येणार म्हणून पप्पांनी सकाळीच आत्याच्या कादंबऱ्या कपाटातून काढल्या, वॉशिंग मशीनच्या रिकाम्या खोक्यात भरल्या आणि खोकं बाल्कनीत ढकललं. आत्यानं पाहिलं आणि खिरीकडे वळली. खीर वाढताना एका पाहुण्यानं सहज विचारलं, "ताई, भावासारखंच तुमचंही वाचन दांडगं असेल, नाही?" आत्या म्हणाली, "हो तर. पण आज माझी पुस्तकं धुवायला टाकलीत." लोक हसले. पप्पांचे कान लाल झाले.

पाहुणे गेल्यावर मात्र जुंपली. पप्पा म्हणाले, "आपल्या आजोबांना कुणी शाळेच्या पायरीवर उभं केलं नाही. आपल्याला अक्षर मिळालं, ते असला कचरा वाचायला?"

"मिळालं ना अक्षर?" आत्याचा आवाज एवढा थंड मी कधी ऐकला नव्हता. "मग मी काय वाचायचं, ते अजून दुसऱ्यानंच ठरवायचं का? आणि तो दुसरा कोण, तर तू?"

महिना उलटायच्या आत तिनं डोंबिवलीला एक खोली भाड्यानं घेतली आणि खोकं घेऊन गेली. घर कसं खायला उठलं होतं! मलाच एकदा सहन झालं नाही. म्हटलं, "पप्पा, लोकांसमोर समतेवर बोलता आणि घरातली एक बहीण सांभाळता येत नाही तुम्हाला?"

पुढच्या रविवारी सकाळी पप्पा चप्पल घालून म्हणाले, "चल." डोंबिवली स्टेशनबाहेरच्या फूटपाथवर त्यांनी बराच वेळ कादंबऱ्या चाळल्या आणि सगळ्यांत भडक मुखपृष्ठाची उचलली. आत्याला तेवढंच कळत असेल अशी बिचाऱ्यांची समजूत. आत्यानं दार उघडलं, पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं.

"हे वाचलंय मी, दादा. दोनदा."

पप्पांचा चेहरा पडला. तशी ती म्हणाली, "तू वाच. मग बोलू आपण."

"मी?"

"नाहीतर कोण, शेजारीण? बस, चहा टाकते."

आणि पप्पांनी खरंच वाचायला घेतलं, हातात पेन्सिल धरून, जशी ती जाड पुस्तकं वाचायचे तशीच! रोज चार पानं. संध्याकाळी आत्याला फोन. "ही मुलगी त्याला खरं काय ते सांगून का टाकत नाही गं? एका वाक्यात मिटेल."

"मग पुस्तक संपेल ना, दादा."

पुढचं विचारलं की ती सांगायची नाही. वाच म्हणायची. ती परत राहायला आली नाही, म्हणाली, मी इथे बरी आहे. पण तो फोन मात्र चुकला नाही. हसायचे पप्पा फोनवर. त्यांना असं हसताना मी लहानपणीसुद्धा पाहिलं नव्हतं.

या हिवाळ्यात आत्या गेली. सकाळी दूध तापवता तापवता, हार्ट अटॅक. कुणाला काही करायला सवडच मिळाली नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कल्याणच्या विहारात सगळे जमले, पप्पांचे तेच सहकारी. पप्पा बोलायला उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, आता भाषण होणार. पप्पा म्हणाले, "माझ्या बहिणीला कादंबऱ्या आवडायच्या. प्रेमाच्या. आम्ही दोघं आत्ता एक वाचत होतो." आणि त्यांनी ती गोष्ट सांगायला घेतली. ती मुलगी, तो मोटारवाला, दोघांचा तो खुळा गैरसमज, मुलीनं सोडलेलं गाव, सगळं काही, नीट, न लाजता. मुलगी त्याचं पत्र न उघडताच बसमध्ये बसते, तिथवर आले आणि थांबले.

"पुढे काय होतं," पप्पा म्हणाले, "ते तिला माहीत होतं."

आणि खाली बसले.