टिटवीचे कान

चार माणसं मिळून एखादी वस्तू दुरुस्त करायला बसली, की वस्तू दुरुस्त होईलच असं नाही. किस्से मात्र नक्की तयार होतात. कुणी चुकीचा पाना आणतो, कुणी भलत्या वेळी भलतं बोलतो, आणि संध्याकाळी हात धुताना लक्षात येतं की काम इंचभर सरकलंय आणि सांगण्यासारखं मात्र पुष्कळ साठलंय. आमच्याकडे तर दुरुस्त करायची वस्तू शिडाची होडी होती. आणि आम्ही राहतो धारला, जिथे समुद्र फक्त शाळेच्या नकाशात असतो! तेव्हा साठा मोठा आहे.

होडी माझ्या बायकोची, नीलूची. ती भोपाळची. कॉलेजात असताना एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये गेली आणि तिथल्या तळ्यावर शिडाची होडी चालवायला शिकली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिने तिथूनच मोडीत निघालेली एक जुनी होडी उचलून आणली आणि तिचं नाव ठेवलं टिटवी. गावाबाहेरच्या तलावावर ती आणि आमची मुलगी इरा रविवारी होडी काढायच्या. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, मला पोहता येत नाही. मी काठावर बसायचो.

"एकदा बस तरी!" नीलू म्हणायची.

"कुणीतरी काठावर हवं ना, टॉवेल धरायला," मी म्हणायचो.

हा माझा टॉवेल आमच्या सगळ्या गोतावळ्यात प्रसिद्ध होता. नीलू तो किस्सा लग्नाकार्यात सांगायची.

मागच्या आषाढात नीलू गेली. टिटवी अंगणात ताडपत्रीखाली राहिली.

*

पहिला किस्सा होडी घरी आली त्या दिवसाचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून, डोलकाठी मागे लोंबत, टिटवी आमच्या कॉलनीत शिरली. शेजारचे मिश्राजी दात घासत फाटकाशी उभे होते. ब्रश तोंडातच ठेवून त्यांनी विचारलं, "भाभीजी, बाढ़ आने वाली है क्या?"

"आएगी तो सबसे पहले आपको बिठाऊँगी," नीलू म्हणाली.

त्यानंतर दरवर्षी पाऊस जरा जास्त झाला, की मिश्राजी कुंपणावरून हाक मारायचे, "भाभीजी, अपनी सीट पक्की है ना?"

आणि एकदा खरंच त्यांच्या अंगणात पाणी शिरलं, तेव्हा ते हातात सुटकेस घेऊन आले होते!

*

या जानेवारीत इरा इंदूरहून सुट्टीवर आली. ताडपत्री काढली, डोलकाठी उभी केली, आणि आता तारा तपासू म्हणाली.

इथे एवढं सांगायला हवं, की शिडाच्या होडीची डोलकाठी नुसती रोवलेली नसते. तिला पुढून एक आणि दोन बाजूंनी दोन तारा ताणून धरतात. त्या तारा होडीच्या अंगात बोल्टने बसवलेल्या स्टीलच्या पट्ट्यांना अडकवतात. नीलू त्या पट्ट्यांना होडीचे कान म्हणायची. "शिडात वारा भरला की सगळा ओढा या कानांवर," असं ती सांगायची.

तर इराने उजवी तार जरा ओढली आणि उजवा कान तिच्या हातात आला. वरून चकचकीत, आणि लाकडाच्या आत दडलेला भाग पार गंजून पापडासारखा झालेला. डोलकाठी आधी विचारात पडल्यासारखी जागीच हलली, आणि मग अगदी सावकाश, मिश्राजींच्या गच्चीवर वाळत घातलेल्या गाद्यांवर जाऊन आडवी झाली.

आमचे मित्र केके तिथेच होते. केके म्हणजे कमलाकर, वीज मंडळातून इंजिनीअर म्हणून रिटायर झालेले, आणि माळव्याच्या रीतीने सगळ्यांना भिया, म्हणजे भाऊ, म्हणणारे. उभ्या आयुष्यात त्यांनी खांब पडल्याचा रिपोर्ट सरळ दिलेला नाही. ते गच्चीकडे बघत म्हणाले, "पडली नाही भिया. टेकली आहे."

*

त्याच आठवड्यात हायवेवरच्या ढाब्याचे शेठ आले. त्यांना टिटवी हवी होती, शिकंजीच्या काउंटरसाठी. मधे बर्फ, त्यात शिकंजीचे ग्लास, डोलकाठीला लायटिंग!

"सर, चलती तो है नहीं, खड़ी-खड़ी सड़ जाएगी," ते म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. "पडवे के दिन पिकअप भेज दूँ?"

मी काही बोलायच्या आत इरा म्हणाली, "अंकल, पाडव्याला तलावावर या. त्या दिवशी होडी पाण्यात चालली तर आमची, नाही चालली तर तुमची."

शेठ खूश होऊन गेले. इरा माझ्याकडे वळली. "बाबा, मी बरोबर बोलले ना?"

मी म्हटलं, "आपण पट्ट्या कुठे मिळतात ते बघू."

*

पट्ट्या कुठेच मिळत नव्हत्या. केके आणि मी इंदूरच्या बाजारात हार्डवेअरची दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने आमचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कौन सा मॉडल है?"

"पुराना है," केके म्हणाले.

"पेट्रोल कि डीज़ल?"

"हवा पे चलती है."

दुकानदाराने केकेंकडे नीट पाहिलं. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घर से अकेले आने देते हैं इनको?"

शेवटी त्याने निदान तारा ताणायचे पेच दिले, लग्नाच्या मांडवाला लावतात ते. गॅरंटी काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, "भिया, इसके नीचे पूरी बारात नाची है. दूल्हे के फूफाजी समेत!"

*

पट्ट्यांसाठी आम्ही राजगढ़ला कैलाश भियाकडे गेलो. कैलाश भिया मंदिरांचे ध्वजदंड बनवतो. मोहनखेड़ाच्या जैन तीर्थाच्या वाटेवर त्याचं वर्कशॉप आहे आणि आपल्यासारखा कारागीर माळव्यात नाही हे तो स्वतःच सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला तसदी नको. इराने जुनी पट्टी पुढे केली. त्याने ती दोन बोटांत धरली, जशी मेलेली पाल धरावी.

"ये? इससे तो मैं फाटक भी नी लटकाऊँ! ध्वजा कितनी बड़ी है?"

"ध्वजा नाही, शीड आहे. पण मोठं आहे," इरा म्हणाली.

"हो गया समझो."

पुढच्या रविवारी तो स्वतः पट्ट्या घेऊन आला. दोघांना मिळून उचलाव्या लागल्या. जाडी तुळईसारखी, आणि प्रत्येकीवर कमळ कोरलेलं. इराने डोक्याला हात लावला. "भिया, एवढ्या वजनाने होडी बुडेल!"

कैलाश भियाने छाती पुढे काढली. "नाव भले डूब जाए दीदी, पट्टी नी टूटेगी!"

बरीच घासाघीस होऊन दुसरा सेट बेताच्या जाडीचा झाला. कमळ मात्र त्याने सोडलं नाही. ते लाकडाच्या आत जाणार, कुणाला दिसणार नाही, हे इराने सांगून पाहिलं. तो म्हणाला, "मंदिर के शिखर पे कौन देखने चढ़ता है? फिर भी कोरते हैं."

*

पट्ट्या बसवायच्या म्हणजे एकाने बाहेरून बोल्ट धरायचा आणि दुसऱ्याने आत शिरून नट आवळायचा. पुढच्या पट्टीसाठी आत शिरायची जागा स्वयंपाकघरातल्या ओट्याखालच्या कपाटाएवढी. केके म्हणाले, "लोहारद्याला पोस्टिंगवर असताना मी याहून लहान जागेत शिरलोय!"

शिरले, आणि नटही आवळला. पण लोहारद्यानंतर त्यांच्या पोटाची बरीच प्रगती झाली होती. बाहेर येता येईना. आम्ही पाय धरून ओढावे की तेल सोडावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात ढाब्याचे शेठ मेजर टेप घेऊन आले. बर्फ किती मावेल ते मोजायला. त्यांनी होडीवर टकटक केलं आणि स्वतःशीच पुटपुटले, "अंदर कितनी जगह होगी?"

आतून केकेंचा आवाज आला, "एक आदमी की! वो भी दुबले की!"

शेठ जे मागे सरले ते तुळशीच्या कुंडीत जाऊन बसले.

*

आता आमची खास चूक. नवीन लोखंड घरात आलं आणि त्याला हळदकुंकू लागलं नाही, असं आमच्यात होत नाही. केकेंच्या बायकोने, सुमनवहिनींनी, पट्ट्या बसवायच्या आधी त्यांना तेल लावलं, हळद लावली, कुंकवाची बोटं ओढली. मग त्यावरच आम्ही पाणी अडवायचं रबरासारखं सीलंट भरलं आणि बोल्ट आवळले. तेलकट स्टीलवर सीलंट कसलं धरतंय! बाहेरून पाइपने पाणी मारलं, तर आत लाल ओघळ.

इरा वैतागली. "मावशी, आता सगळं खोलावं लागणार. कुठून गळतंय तेही कळत नाही."

सुमनवहिनी होडीत वाकल्या आणि बांगड्या मागे सारून बोट दाखवलं. "कळत कसं नाही? डावीकडचं पाणी पांढरं, म्हणजे वरून उडालेलं. उजवीकडचं लाल, म्हणजे पट्टीवरून आलेलं. उजवी खोल! कुंकू नसतं तर तिन्ही खोलाव्या लागल्या असत्या."

केकेंनी पाना उचलला. उजवी पट्टी खोलली, पुसली, पुन्हा बसवली. या वेळी पूजा मिश्राजींच्या स्कूटरची केली.

*

आणि मग पाडवा.

देवासहून माझ्या आत्याबाईंचा आदल्या आठवड्यातच फोन आला होता. वय पंच्याऐंशीच्या पुढे, फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. मराठी अजून त्यांच्या आजीची बोलतात आणि रीतीला फार कडक. "विनू, वर्ष सरले नाही. यंदा घरावर गुढी नाही, श्रीखंड नाही. लक्षात आहे ना?"

"लक्षात आहे, आत्याबाई."

"मी येतेच आहे तिकडे."

पाडव्याला दुपारी तलावावर सगळे जमले. सुमनवहिनी, केके, कैलाश भिया, मिश्राजी. जरा लांब झाडाखाली शेठ आणि त्यांची पिकअप. डोलकाठी उभी राहिली, तारा ताणल्या, आणि इरा होडी पाण्यात ढकलणार एवढ्यात आत्याबाई टॅक्सीतून उतरल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढली. जरीचा खण. कडुनिंबाची डहाळी. गाठी. घासूनपुसून लखलखीत केलेला तांब्या.

मी चाचरत म्हटलं, "आत्याबाई, यंदा तर..."

"घरावर नाही म्हटले मी. हे काय घर आहे?"

डोलकाठी पुन्हा आडवी केली. आत्याबाईंनी स्वतः खण बांधला, तांब्या पालथा घातला. मग आम्ही सगळ्यांनी मिळून ती उभी केली. लांबून शेठांनीही हात जोडले.

टिटवी निघाली. तलावाच्या मध्यावर वारा असा भरला की होडी एकदम कलली आणि तारा वाजल्या. केके नुसते "कान, कान!" म्हणत होते. गाठी उडाल्या, डहाळी आडवी झाली, तांब्या उन्हात लकाकला. डोलकाठी हलली नाही. इराने होडी वळवून घेतली, आणि कैलाश भिया ओरडला, "कमल है अंदर, कमल!"

इरा फेऱ्यांवर फेऱ्या मारत राहिली. शेठ माझ्यापाशी आले. म्हणाले, "सर, जिसपे गुड़ी चढ़ गई, उसमें अब बरफ थोड़ी भरूँगा. अपना ठेला ही अच्छा." आणि पिकअप रिकामीच घेऊन गेले. जाताना गूळ-कडुनिंबाचा प्रसाद मात्र दोनदा घेतला.

ऊन उतरलं आणि वाराही पडला. टिटवी मधोमध थांबली. वल्हं आत्याबाईंच्या खुर्चीखाली राहिलं होतं.

आत्याबाईंनी सूर्याकडे पाहिलं. "मावळायच्या आत गुढी उतरली पाहिजे. तिला सांगा."

मी फोन लावला. इरा म्हणाली, "बाबा, डोलकाठी एकटीने नाही उतरत. एकाने पुढची तार सोडायची, एकाने काठी झेलायची. कुणाला तरी पाठव ना!"

केके कमरेवर हात ठेवून उभे होते. कैलाश भिया पँट दुमडू लागला. आत्याबाई म्हणाल्या, "तुम्ही नव्हे. घरच्याने उतरवावी." आणि काठीने मला दाखवलं.

तलावातल्या मासेवाल्याने मला त्याच्या डोंगीत बसवलं. बसवलं म्हणजे मिश्राजींनी आणि केकेंनी मिळून ठेवलं. वल्हं मी छातीशी धरलं होतं. टिटवीपाशी पोचल्यावर इराने हात दिला. मी कसा चढलो ते मला माहीत नाही. एक पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला, मग दुसरा कमरेपर्यंत.

"इथे बसायचं, बाबा. पाय असे. आई इथेच बसायची."

ती पुढे गेली. "सोडू?"

"सोड."

डोलकाठी माझ्या खांद्यावर आली. मी तांब्या उतरवला. दुपारच्या उन्हाने तो अजून गरम होता. सूर्याची एवढीशी कड राहिली होती. आम्ही लगेच वल्हं हातात घेतलं नाही.

काठाला लागलो तेव्हा मी कमरेपर्यंत भिजलेलो. केके टाळ्या वाजवत होते, मिश्राजी शिट्ट्या. आत्याबाई पाण्याच्या अगदी कडेला येऊन उभ्या होत्या. काठी सुमनवहिनींकडे दिली होती. दोन्ही हातांवर उघडून धरलेला टॉवेल होता.

"ये," त्या म्हणाल्या. "कुणीतरी काठावर लागतेच."