भांडता कोणत्या भाषेत?

माझी आत्या शाळेच्या प्रवेशखिडकीत एकवीस वर्षं बसली. हुद्दा कारकुनाचा, पण तोरा असा की नव्या शिक्षकांना आधी तिचीच भीती वाटायची.

प्रवेशाच्या अर्जात एक रकाना होता : घरी कोणती भाषा बोलता? तिथे आपली भाषा लिहिली की मुलाला अर्धवेळ द्विभाषिक वर्ग मिळायचा. सकाळी गणित-विज्ञान आपल्या भाषेत, दुपारी सगळ्यांबरोबर इंग्रजीत. पण आपले लोक कसले! पोर मागे पडेल या धास्तीने प्रत्येक बाप छाती फुगवून ‘इंग्रजी’ लिहून मोकळा व्हायचा. मग ते पोर दिवसभर इंग्रजी वर्गात मख्ख बसून राहायचं.

शिंप्याची नऊ वर्षांची मुलगी अशीच अडकली. तीन आठवडे तोंडातून शब्द नाही. वर्गशिक्षिकेने शेरा मारला, ‘मंद आहे, दोन इयत्ता खाली बसवा.’ सोमवारी त्यावर सही व्हायची होती. कागद पाहून आत्याचं पित्त खवळलं. लहानपणी तिलाही असंच खाली बसवलं होतं, आणि ते तिला पन्नाशीतही बोचत होतं.

शनिवारी ती थेट शिंप्याच्या दुकानात गेली. आत पोरगी बापाला झापत होती. “बाबा, एका फ्रॉकला पाऊण मीटर लागतं. दोन मीटरमध्ये तीन कसे बसतील? पाव मीटर कमी पडतंय!”

आत्याने विचारलं, “दादा, घरी कोणती भाषा बोलता?”

“इंग्लिश,” शिंपी घाईघाईने म्हणाला.

“आणि भांडता कोणत्या भाषेत?”

काजं करत बसलेली त्याची बायको खो खो हसली. “भांडायला इंग्लिश कुठून आणायचं, ताई?”

शिंपी ओशाळला. “खरं लिहिलं तर पोरीला कमी समजतील, असं वाटलं हो.”

“मग आता काय समजतायत?”

सोमवारी मुख्याध्यापकबाई म्हणाल्या, “भरलेला अर्ज मध्येच बदलता येत नाही.”

“राहू द्या अर्ज. तिला तिच्या भाषेत गणितं घाला. चुकली तर मी स्वतः तिला खालच्या वर्गात सोडून येते.”

द्विभाषिक वर्गाच्या सरांनी फळ्यावर अपूर्णांकांची पाच गणितं लिहिली. पोरीने पाचही सोडवली, कशी सोडवली ते ठणठणीत आवाजात सांगितलं आणि वर सहावं मागितलं. बाईंनी निमूट अर्ज दुरुस्त करून घेतला. मुलगी आपल्याच इयत्तेत राहिली, सकाळी द्विभाषिक वर्गात जाऊ लागली. आत्या खिडकीत येऊन ढसाढसा रडली आणि रडता रडता तिने ‘इंग्रजी’ लिहिलेले आणखी दोन अर्ज परतही पाठवले.

वर्ष संपताना एका दुपारी आत्या धापा टाकत घरी आली. चपलाही काढल्या नाहीत.

“अगं, शिंप्याची पोरगी वर्गशिक्षिकेशी भांडली! उत्तर बरोबर असताना अर्धा गुण का कापला म्हणून. चांगली दहा मिनिटं भांडली, आणि सगळं इंग्रजीत!”

“मग?” मी विचारलं.

“मग काय? द्यावा लागला ना गुण!”