पासवर्ड टाकताना

मिरजेतल्या आमच्या तंबोऱ्यांच्या दुकानाची वेबसाइट आहे. तिचं सुरक्षेचं सर्टिफिकेट दर तीन महिन्यांनी नवं करावं लागतं, नाहीतर 'ही साइट सुरक्षित नाही' असं गिऱ्हाइकाला दिसतं. ते करायला साइट बनवून देणारा पोरगा येतो. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवतो, चहाला नको म्हणतो आणि लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतो. मला तेच खटकतं.

"हे आपोआप होत नाही का रे?" मी एकदा विचारलं.

"व्हतंय की, काका. पन तुमच्या ह्या स्वस्तातल्या, सगळ्यांत वाटून घेतलेल्या सर्व्हरवर न्हाई."

खरं-खोटं मला काय कळणार?

पासवर्ड मात्र तो मलाच टाकायला लावतो आणि दाराशी पाठमोरा उभा राहतो. मागच्या खेपेला माझं टाइप करून झालं, तसा मान न वळवता म्हणाला, "आठच अक्षरं हायत. वाढवा जरा."

आयुष्यभर मी कानानं तारा जुळवल्या. दुसऱ्याच्या कानाची धास्ती तेव्हा पहिल्यांदा वाटली.

काल तो पुन्हा आला. या वेळी मी डाव्या हातानं तंबोरा छेडत राहिलो आणि उजव्या हाताच्या एका बोटानं नवा, लांबलचक पासवर्ड टाकला.

तो पाठमोराच म्हणाला, "काका, पंचमाची तार उतरलीया."

तपासली. उतरली होती.